शून्याचं उत्तर

श्रीमती मंजुषा आगटे, वय ५६, राहणार बालीगंज, हुद्दा भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका. वर्तणूक समाधानकारक, मूल्यमापन सदोष.

सदोष अशासाठी की, बिस्मथमधून सुटणारा अल्फा कण किमान किती कोनीय संवेग नेतो, याचं विभागाचं छापील उत्तर ‘शून्य’ होतं.

“दत्तासर, अणुकेंद्राची फिरकी साडेचारवरून अर्ध्यावर येते, म्हणजे किमान चार; त्यात पॅरिटी, म्हणजे आरशातली सममिती, उलटते, म्हणून आकडा विषमच हवा. मधली काय हुगळीत बुडाली?”

“मॅडम, सहा वर्षं शून्यच चालतंय,” विभागप्रमुख म्हणाले. “‘पाच’ लिहिणारी ती पोर नापास. विषय संपला.”

मंजुषाबाईंना ते शून्य घासातल्या केसासारखं लागलं. शिसारी येऊन त्यांनी पोरीला पूर्ण गुण देऊन पास केलं, आणि परीक्षक मंडळातून स्वतःचं नाव घालवलं.

बरोबर उत्तर पाच आहे.