पेटीत गेलेलं ऑफिस

ज्या वर्षी मी पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळून रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी राहायला आले, त्या वर्षी माझं सगळं ऑफिस आंब्याच्या एका लाकडी पेटीत मावत होतं. लॅपटॉप, त्याचा चार्जर, इंटरनेटचं डेटाकार्ड आणि खाली-वर भाताचा पेंढा. पेंढ्याची कल्पना बाबांची. मी पुण्यातल्या दुकानातून चांगली जाड अस्तराची बॅग आणली होती. बाबांनी ती दोन बोटांनी दाबून पाहिली आणि नाक मुरडलं. "हापूस ट्रकातून मुंबईला जातो गो, डाग पडत नाही. ह्या पिशवीत तुझं मशीन वाडीच्या टोकाला तरी पोचेल काय?" दुसऱ्या दिवशी पेटी तयार होती, वरून सुतळीने बांधलेली.

मी एका छोट्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचे. पंप, मिक्सर, फवारणीचं यंत्र, जे काही लोक विकत घेतात आणि पुस्तिका न वाचता चालू करतात ते सगळं. 'पंप कोरडा चालवू नका' असली वाक्यं सोप्या मराठीत लिहिणं हा माझा धंदा. ऐकणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं. पंप जळाला की शिव्या पुस्तिकेलाच पडतात.

आई गेल्यावर बाबा एकटे होते आणि गुडघ्यांनी त्यांना आंब्याच्या कलमांवर चढू देणं बंद केलं होतं. पण मी त्यांच्यासाठी त्याग करून आले, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. मला पुण्यात करमत नव्हतं आणि काम सोडायचं नव्हतं. दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही मिळेल अशी माझी खात्री होती. खात्री नव्हती ती साहेबांची. माणूस सरळ, पण ऑफिस म्हणजे खुर्ची आणि खुर्चीत माणूस, यापलीकडे त्यांचा विश्वास जात नसे. "गावाला गेलेला माणूस कामाला उरत नाही," ते म्हणाले. "आज वीज नाही, उद्या रेंज नाही, परवा कुणाची तरी पूजा. आंब्याचा मोसम संपेपर्यंत तिकडून करून बघा. एक जरी काम वेळेवर आलं नाही, तर जूनमध्ये इथे हजर व्हा. नाहीतर आपले रस्ते वेगळे."

इकडे बाबांचंही ठरलेलं होतं. मी जूनमध्ये परत गेले, तर बाग कंत्राटदाराला द्यायची. तो मोसम संपता संपता बोलणी करायला येणार होता. म्हणजे माझ्या पुस्तिका वेळेवर जाण्यावर आमची कलमं अवलंबून होती. कलमांना अर्थात त्याची कल्पना नव्हती.

साहेबांना जे कधी कळलं नाही ते मला रत्नागिरीनेच शिकवलं होतं. मी शहरात कॉलेजला होते तेव्हा, अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमारास, तिथे पहिलं सायबर कॅफे निघालं. आम्ही फ्लॉपीवर काम घेऊन जायचो आणि आमच्या हवेत फ्लॉपीला बुरशी धरायची. लोणच्याला धरते तशी, पांढरी. माझा एक अख्खा प्रकल्प बुरशीने खाल्ला. तेव्हापासून मी लिहिलेलं सगळं स्वतःच्याच ईमेलवर पाठवायला लागले. कॅफेतलं मशीन आपलं नसतं, आपण उठलो की त्यावर दुसरा बसतो आणि आपलं काम पुसून गाणी भरतो. मग काम त्यात ठेवायचंच कशाला? पुढे पुण्यात मला स्वतःचा कॉम्प्युटर मिळाला तरी ही खोड गेली नाही. इंटरनेटवरच दस्तऐवज उघडून लिहायची सोय आली तेव्हा बाकीचे घाबरत घाबरत बघत होते, आणि मी मात्र माहेरी आल्यासारखी तिथे राहायला गेले. पुण्यातल्या दोघी सहकारी आणि मी एकाच पानावर, एकाच वेळी लिहायचो. त्यांच्यातली एक पुण्यात बसून माझी वेलांटी दुरुस्त करायची आणि ती बदलताना मला इथे दिसायची. मला यात जादू वाटत नसे, सोय वाटे.

रेंज मात्र घरी नव्हती. आमचं घर खाली, बागेच्या कुशीत. रेंज वर सड्यावर, म्हणजे वाडीच्या डोक्यावरच्या त्या लाल कातळाच्या उघड्या पठारावर. तिथे एक काजूचं झाड आहे. त्याच्या दक्षिणेच्या बाजूला बसलं की डेटाकार्डाचा दिवा निळा व्हायचा, उत्तरेला बसलं की विझायचा. सकाळी पेटी घेऊन चढायचं, काजूखाली बसायचं, बॅटरी संपली की खाली उतरून जेवायचं. उन्हात पडदा दिसत नसे, म्हणून मी पावसात शेतावर पाठीवर घ्यायचं इरलं डोक्यावर घेऊन त्याच्या सावलीत टाइप करायचे. भर एप्रिलात इरलं पांघरून बसलेली बाई बघून गुरं राखणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात माझ्याविषयी काय काय बोलून घेतलं ते मी विचारलं नाही. कामं वेळेवर जात होती.

मग मे महिन्यात पंपाची मोठी पुस्तिका आली. मोसमातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, शनिवारी सकाळी छापखान्यात जाणार म्हणजे जाणार. पंपवाल्यांनी शेवटच्या घटकेला आकृत्या बदलल्या, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अर्धी पुस्तिका पुन्हा लिहायची होती.

त्याच आठवड्यात बाबांनी एक उद्योग करून ठेवला. शहरातल्या साहेबाला मोसमात पेटी गेली नाही, तर आमच्याकडे माणसाला आपल्या हातून काहीतरी राहिलं असं वाटत राहतं. बाबांनी एप्रिलपासून पेटीचा विषय काढला होता आणि मी ठाम नाही म्हटलं होतं. "माझं काम बघून मला कामावर ठेवायचं तर ठेवतील. आंबे बघून नको." बाबांनी मान हलवली. मला तो होकार वाटला. त्यांनी गुपचूप सगळ्यात चांगली फळं निवडून पेटी भरली, पडवीत कडेला ठेवली आणि शेजारच्या वाडीतल्या टेम्पोवाल्याला माझ्या वहीतून उतरवलेला साहेबांच्या घरचा पत्ता देऊन सांगितलं, "शुक्रवारी पुण्याला जाशील तेव्हा पडवीत कडेला पेटी असेल, ती उचल."

शुक्रवारी पहाटे टेम्पो आला तेव्हा बाबा बागेत होते आणि मी विहिरीवर. सड्यावर लवकर जाता यावं म्हणून मी अंधारातच माझी पेटी पडवीत आणून ठेवली होती. कडेला.

मी ओले हात पुसत पडवीत आले आणि पेटी उचलायला गेले, तर ती उचलेना. सुतळी नव्हती, खिळे होते. फटीतून पिकायला आलेल्या हापूसचा वास येत होता. मी बाबांना हाक मारली. ते आले, त्यांनी पेटीकडे पाहिलं, तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि खालीच बसले.

"टेम्पोवाल्याने तुझी पेटी नेलीन," ते म्हणाले. "बाय, माझ्यामुळे तुझी नोकरी गेली गो."

मला राग आला होता, भरपूर आला होता. पण बाबांचा चेहरा असा झाला होता की तो राग ठेवायला जागाच नव्हती. टेम्पोवाल्याला फोन लावायला मी सड्यावर धावले. तो घाटात होता, लागला नाही. काजूखाली उभी राहून मी विचार केला. गेलं काय? मशीन गेलं, डेटाकार्ड गेलं, पेंढा गेला. पुस्तिका कुठे गेली? ती काल संध्याकाळी होती तिथेच होती, आणि तिथे जायला मला कुठलंही एक मशीन पुरे होतं. मी खाली आले आणि बाबांना म्हटलं, "उठा. रत्नागिरीला जातेय मी."

"मीही येतो," ते म्हणाले, आणि आंब्यांची पेटीही बरोबर घेतली. का, ते मी विचारलं नाही. त्यांना काहीतरी उचलायचं होतं. एसटीत ती पेटी मांडीवर घेऊन ते अपराध्यासारखे बसले होते.

कॉलेजच्या वेळचं सायबर कॅफे त्याच गल्लीत होतं, मालकही तोच, पोट तेवढं नवीन. मी बसले, पासवर्ड घातला, पुस्तिका उघडली. पानभर चौकोन. मराठीचं एक अक्षर नाही, नुसते रिकामे चौकोन एकापुढे एक. बाबांनी मागून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं आता हेही गेलं. पण अक्षरं जागेवर होती, त्या मशीनला ती दाखवता येत नव्हती एवढंच. मी मालकाकडे विंडोजची मूळ सीडी मागितली. त्याने कपाट उपसून ती काढून दिली आणि मी मराठी चालू करून घेतली. चौकोनांची अक्षरं झाली. 'पंप कोरडा चालवू नका.' मला त्या वाक्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या खुणा नव्हत्या, पण बोटांना त्या पाठ होत्या. पुण्यातल्या दोघी पलीकडून पानावर आल्या आणि आम्ही लागलो. मशीन गेल्याचं मी कुणाला कळवलं नाही. काम पोचत होतं, मग कळवायचं काय? दुपारी भारनियमनात वीज गेली. इन्व्हर्टरवर दोनच कॉम्प्युटर चालत होते. एकावर मी, दुसऱ्यावर मांडीवर मूल घेतलेली एक बाई, कुवेतमधल्या नवऱ्याशी कॅमेऱ्यावर बोलत. बाबांनी तोवर हातोडी मागून पेटी उघडली होती. एक आंबा मुलाला, एक बाईला, एक मालकाला. मग त्यांनी चांगलं केशरी झालेलं एक फळ कॅमेऱ्यासमोर धरलं. "काका, नका दाखवू," कुवेतवाला म्हणाला. "हितून हात पोचत नाही." बाबा सकाळपासून पहिल्यांदा हसले.

संध्याकाळ व्हायच्या आत पुस्तिका गेली. साहेबांचं एका शब्दाचं उत्तर आलं, 'मिळाली.' तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटून पेटीत तळाचे चार आंबे उरले होते.

तरीही त्या रात्री मी धड झोपले नाही. काम वेळेवर गेलं होतं, पण सकाळी साहेबांच्या दारात माझा लॅपटॉप पेंढ्यात गुंडाळून उतरणार होता. गावाला गेलेल्या माणसाचं काय होतं, याचा याहून चांगला पुरावा त्यांना कुठे मिळाला असता? शनिवारी उजाडताच मी काजूखाली जाऊन बसले, रिकाम्या हाताने. बाबाही गुडघे धरत वर आले आणि कातळावर बसले. आधी टेम्पोवाल्याचा फोन आला.

"ताई, पेटी दिली बगा सायबास. हलकी लागली खरी. मी म्हटलं तुमच्या बाबांनी यंदा हात आखडलनी. झाकण सैल होता, मी दोन खिळे मारलं."

खिळे कुठवर गेले ते मी विचारणार होते. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"मी आंब्याची पेटी उघडली," ते म्हणाले. "आत तुमचा लॅपटॉप आहे."

"हो."

"हा काल सकाळपासून टेम्पोत होता?"

"हो."

"मग काल दिवसभर दुरुस्त्या कोण करत होतं? मी स्वतः बघत होतो. अक्षरं पडत होती."

"मीच करत होते. रत्नागिरीत, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर."

त्यांच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची असावी आणि तिच्यात कोणी बसलेलं नसावं. मग ते म्हणाले, "आणि आंबे?"

"संपले."

ते हसले. मी त्यांना पूर्वी हसताना ऐकलं नव्हतं. "लॅपटॉप कुरिअरने पाठवतो. घरचा पत्ता सांगा." मी सांगितला, वाडीसकट. तो लिहून घेऊन त्यांनी विचारलं, "यापुढे सगळं ह्याच पत्त्यावर पाठवायचं ना?"

"ह्याच," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. "ओरडले काय गो?"

"नाही. पत्ता विचारला."

लॅपटॉप आला तेव्हा त्याच्या झाकणावर खिळ्याचा एक बारीक ओरखडा होता, बाकी तो ठणठणीत होता. बाबांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि पेंढ्याचं कौतुक केलं.

पुढच्या आठवड्यात कंत्राटदार आला. बाबांनी त्याला पडवीत बसवलं, चहा दिला, मोसमाच्या गप्पा केल्या. मी आत स्वयंपाकघरात होते. बोलणं बागेवर आलं तसं बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाग द्यायची नाही आता. बाय हितंच असते कामाला."