सूपभर ज्वारीचं पोर

ती घटना आजही आठवते, पण लोकांना हवी असते तशी ती नाही. निवृत्त पोलीस अधिकारी म्हटला की समोरचा माणूस दरोडा नाहीतर खून ऐकायच्या तयारीनेच खुर्ची पुढे ओढतो. मला आठवतं ते सहा वर्षांचं एक पोर, आणि त्याच्यापायी गावाने फासावर चढवायला काढलेली त्याची काकू. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या घरात आज नातवंडं नांदत असतील, त्यांना घरातली गोष्ट पोलिसाकडून कळायला नको.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. मी पुण्याकडचा, वऱ्हाडात नव्याने बदलून आलेला, मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका छोट्या ठाण्यावर ठाणेदार होतो. तिकडची बोली सुरुवातीला कानावर आदळायची. ‘कावून आले?’, म्हणजे का आलात, असं कुणी विचारलं की वाटायचं, हा मला हाकलतोय. आमचे जमादार तिकडचेच. ते मिशीत हसायचे आणि म्हणायचे, साहेब, तो चहा टाकायच्या तयारीत आहे, तुम्ही बसा.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळची हजेरी चालू असताना एक शेतकरी ठाण्यात आला. डोळे तांबारलेले, पायात वहाण नाही. त्याचं थोरलं पोर आदल्या दुपारपासून बेपत्ता होतं. घरात तो, त्याची बायको, तिच्या मांडीवर तान्ही मुलगी आणि त्याच्या मेलेल्या थोरल्या भावाची विधवा. हिला मूलबाळ नव्हतं. पोर तिला मोठी माय म्हणायचं आणि झोपायचंही तिच्याच कुशीत. घटनेच्या दिवशी सगळं घर वेचणीला गेलेलं, घरी ही दोघंच. बापाने एवढं सांगितलं आणि मान खाली घातली. बाकीचं सांगायला गाव होतंच.

मिसिंगची नोंद करून आम्ही सायकली काढल्या. अजून गावाच्या शिवेवरच होतो तर एका गृहस्थाने मला बाजूला घेतलं. दुसऱ्याचं घर वाहून गेलं तरी ज्याच्या अंगाला पाणी लागत नाही अशातला माणूस. हळूच म्हणाला, ‘‘ठाणेदारसायेब, पानी तिथंच मुरून राहिलं. त्या बाईले धरा.’’ विधवेचा जमिनीत अर्धा वाटा, तिला माहेरचा भाचा दत्तक घ्यायचा होता, हे पोर आड येत होतं, असं त्याचं गणित. दुसऱ्याने सांगितलं की तिची नजरच वाईट. तिसऱ्याने तर साक्षच दिली: काल दुपारी ती विहिरीकडे गेलेली त्याने पाहिली होती, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, आणि हातात घागरही नव्हती.

ही शेवटची गोष्ट मला लागली. रिकाम्या हाताने बाई विहिरीवर कशाला जाते? जमादार विहिरीत टाकायला गळ आणायला गेले. घरासमोर गर्दी जमलेली, आणि पोराची आई उंबऱ्यात बसून सगळ्यांदेखत म्हणत होती की आजपासून हिच्या हातचं पाणी नको. बाप मला म्हणाला, पोर सापडो न सापडो, ही आता या घरात राहणार नाही, हिला घेऊन जा. काकू ओसरीच्या कोपऱ्यात उभी होती. तिचे आईबाप कधीच गेलेले, भाऊ विचारत नव्हता. त्या घराबाहेर तिला जग नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी तिला पाटलांच्या घरी बसवलं, पाटलीणबाईंना शेजारी ठेवलं आणि विचारपूस सुरू केली. काल पोर शेवटचं कधी पाहिलंस? विहिरीवर का गेली होतीस? ती बोलेना. चढ्या आवाजात विचारलं, तरी नाही. आमच्या धंद्यात गप्प माणूस दोन तऱ्हेचा असतो, लपवणारा आणि घाबरलेला, आणि दोघे दिसतात सारखेच. मी जबाब बाजूला ठेवला आणि नुसता तिच्याकडे बघत बसलो. बाहेर पाऊल वाजलं की ती दाराकडे बघायची. कुत्रं गेलं तरी बघायची. ज्याला पोर परत येणार नाही हे माहीत असतं, तो दाराकडे बघत नाही. मनात म्हटलं, हिला विहिरीतलं काही ठाऊक नाही. ही विहिरीत डोकावायला गेली होती, पोर पडलं की काय ते बघायला.

मग मी आवाज खाली आणला. म्हटलं, बाई, तू त्याला काही केलं नाहीस हे मला कळलं. पण तू त्याला काहीतरी बोललीस. काय बोललीस?

तेव्हा बांध फुटला. पोराने दह्याचं गाडगं लाथाडलं होतं. ती रागावली आणि घरात सगळेच थट्टेने म्हणत तेच म्हणाली. ‘‘मी म्हनलं, तू आमचा नाईच. तुले सूपभर ज्वारीत इकलं हाय. जाय आपल्या मायजवळ. रोज हासे, सायेब. काल नाई हासला.’’

ही सूपभर ज्वारी काय ते पाटलीणबाईंनी सांगितलं. या पोराच्या आधीची दोन दगावली होती. तेव्हा त्या भागातल्या रीतीप्रमाणे हे जन्मताच उकिरड्यावर ठेवलं आणि परक्या बाईने सूपभर ज्वारी देऊन ते विकत घेतलं. म्हणजे पोर तिचं झालं, आता या घराची नजर त्याला लागायची नाही. मग तिने ते यांच्याकडेच वाढवायला ठेवलं. ही विकत घेणारी बाई गावच्या ओढ्यापलीकडची, सुईणपण करणारी. छप्पन्न साली तिथल्या मंडळींनी बौद्ध धर्म घेतला, गावकीची कामं सोडली, आणि तिचा नवरा रेल्वेत गँगमन लागून मूर्तिजापूरला राहायला गेला. सुगीला मूर्तिजापूरच्या गाडीने गावात आली की पोराला मांडीवर घ्यायची, पेरू द्यायची.

गावाने विहिरी पाहिल्या होत्या, नाला पाहिला होता, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं पालथी घातली होती; जमादारांच्या गळालाही काही लागलं नव्हतं. ओढ्यापलीकडे मात्र कुणी विचारायलाही गेलं नव्हतं. आपलं पोर तिकडे जाईल हे कुणाच्या मनातच आलं नाही. जमादार गेले आणि लगेच परतले. काल दुपारी एका म्हातारीने पोराला एकट्याने मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या छोट्या लाईनच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. बाजाराला निघालेल्या गर्दीत कुणाच्या तरी सोबत असेल, असं तिला वाटलं. तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिनेही सांगितलं नाही.

दुपारच्या गाडीने मी काकूला घेऊन निघालो. पोर हाती लागेपर्यंत गावात काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. त्यामुळे लोकांना वाटलं, बाईला अटक झाली. फलाटावर माणसं उभी राहिली, एकजण तिच्या पायाशी थुंकला. तिने पदर पुढे ओढला. मी त्या माणसाला जवळ बोलावून असं काही सुनावलं की ते इथे छापता येणार नाही.

मूर्तिजापूरला रेल्वेच्या चाळीत घर सापडायला वेळ लागला नाही. दारातच पोर बसलं होतं, न्हाऊमाखू घातलेलं, हातात भाकरी. माझा खाकी वेश पाहिला आणि ते त्या बाईच्या लुगड्यामागे गेलं. सुटलो.

बाई मला घाबरली नाही. म्हणाली, काल फलाटावर हे मालकालाच दिसलं; त्यांची ड्यूटी सुटली की आजच दोघं आणून सोडणार होतो. ‘‘एकली आली असती तं गावानं म्हनलं असतं, इनंच पळवला.’’ तिचं खरं होतं, सकाळपासून मी ते गाव बघत होतो. मग ती म्हणाली, ‘‘आमी आता हे काही मानत नाई, सायेब. पन लेकरू मानते. एवढ्या दूरून आलं, त्याले काय सांगू?’’

काकू उंबऱ्याबाहेर थबकली होती. बाईने तिला आत बोलावलं, पाण्याचा गडवा पुढे केला. गावात असती तर तिने तो घेतला नसता. इथे तिने घेतला आणि घटाघटा प्यायली. पोर लुगड्यामागून बघत होतं. काकूने हात पुढे केले, मी खोटं बोलली रे राजा, म्हणाली. पण ते हलेना.

‘‘मंग मी कोनाचा?’’ त्याने विचारलं.

काकू रडायला लागली. त्या बाईने त्याला समोर घेतलं, नाक पुसलं आणि म्हणाली, ‘‘माहा हायेस. मीच घेतला तुले. पन वाढवाले या मोठ्या मायजवळ ठेवला हाय. मी ठेवलं तिथून असं पळून यायचं नसते.’’

पोराने जरा विचार केला. मग भाकरीचा उरलेला तुकडा हातातच ठेवून काकूच्या कडेवर चढलं.

परतीची गाडी नव्हती, म्हणून छकडा केला. गावात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पोर काकूच्या खांद्यावर झोपलं होतं. सकाळी गणितं मांडणारे सगळे ओट्याओट्यांवर होते, आम्हाला पाहून एकेकजण आत सरकला. आई धावत आली, पोराला घ्यायला तिने हात पुढे केले, आणि मग ते मागे घेतले. तिची नजर थोरल्या जावेच्या पायांवर होती, चेहऱ्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

‘‘उठवू नोका त्याले,’’ ती म्हणाली. ‘‘बाई, घरात चला.’’

एवढं बोलून तिने काकूचा पदर धरला आणि तिला उंबऱ्याच्या आत नेलं.

मी स्टेशन डायरीत लिहिलं, मूल सुखरूप मिळून आले, गुन्हा नाही. वरिष्ठांनी यावर शेरासुद्धा मारला नाही. पुढे अकोला, अमरावती, कितीतरी ठाणी केली, हरवलेल्या पोरांच्या नोंदीही पुष्कळ आल्या. त्या गावात आम्ही सगळ्यांना विचारत होतो की पोरावर राग कुणाचा. पोराचा जीव कुणावर, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक घरात तो प्रश्न आधी विचारला, आणि बहुतेक आईबाप उत्तर देण्याआधी एकमेकांच्या तोंडाकडे बघत.