पाचवं शील

कोथरूडच्या सोसायटीत कल्याणीबाईंचं माहेर कुणाला ठाऊक होतं? कुणालाही नाही. बाईंनी तशी खबरदारीच घेतली होती. खडकीची वस्ती, रविवारची विहारातली वंदना, सगळं लग्नानंतर गुंडाळून ठेवलं.

वडील सीताराम कामगार, आणि पक्के पिणारे. पण माणूस सरळ! विहारात पंचशील म्हणताना चार शीलं खणखणीत म्हणायचे. पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं, आलं की गप्प. खोटं कसं बोलायचं? सात वर्षं गप्प राहिले. एका रविवारी पाचवंही म्हणाले, आणि पुन्हा थेंबाला शिवले नाहीत. दहा वर्षांची कल्याणी तेव्हा शेजारीच बसली होती.

आणि हीच बाई हडपसरच्या शाळेत नशामुक्तीचा तास घेताना काय दाखवायची? कुठून तरी आलेली काळ्या फुप्फुसांची चित्रं, आणि ‘वस्तीतली मुलं लवकर बिघडतात’ असली वाक्यं. अर्धा वर्ग वस्तीतलाच, ऐकून माना खाली.

एकदा नववीतली चैताली उठली. “मॅडम, आमच्या विहारात हेच पाचवं शील म्हणतात. तुम्हाला येतं?”

“नाही बाई. मला कुठून येणार?” कल्याणी हसून म्हणाली. वर्गही हसला. चैताली खाली बसली, ती पुन्हा तासाला आलीच नाही.

तीन आठवड्यांनी शिपायाने तिला पाण्याच्या टाकीमागे धरलं. हातात हुंगायला व्हाइटनरने भिजवलेला रुमाल. मुख्याध्यापक म्हणाले, सोमवारी नाव काढून टाकू. कल्याणीने कसेबसे आठ दिवस मागून घेतले. घरी जेवण गेलं नाही. पोरीने हात पुढे केला होता आणि आपण तो झटकला, कशासाठी, तर आपली अब्रू!

रविवारी ती चैतालीच्या वस्तीतल्या विहारात गेली, कितीतरी वर्षांनी. चैताली आईजवळ बसली होती. पंचशील सुरू झालं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. कल्याणीचं तोंड उघडेना. चैतालीने वळून पाहिलं. मग पाचवं आलं, आणि चैताली गप्प.

बाहेर चपला घालताना चैतालीने विचारलं, “तुम्हाला येतं की सगळं. मग चौथं का नाही म्हटलंत?”

“तुझ्याशी खोटं बोलले होते गं. मी तुमच्यातलीच आहे. चुकलं माझं. तू परत तासाला ये.”

चैतालीने चपलेचा पट्टा लावला.

“येते,” ती म्हणाली. “पण हे वर्गात सांगा. हसले होते ना, त्या सगळ्यांसमोर.”

“सांगते,” कल्याणी म्हणाली.