न जळणारी वात

माझ्या मायनं जन्मात कधी कारखान्याचं फाटक ओलांडलं नाही. त्यामुळे अमरावतीच्या डॉक्टरनं "ह्या कुठं कामाला होत्या?" असं विचारलं तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होते. "चुलीपाशी," मी म्हटलं. "तिथं कोणता कारखाना असतो?" डॉक्टर चिडला नाही. फुफ्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर आहे म्हणाला, बहुतेकदा ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग उठतो. घरात कोणी सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होतं का?

होतं. माझे बाबा. अकोल्याबाहेरच्या कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत. ते दम्यानं गेले असंच आम्ही समजत होतो. त्या दिवसापासून माझं डोकं जाग्यावर राहिलं नाही. पोळी लाटता लाटता लाटणं हातातच थांबायचं, एसटीत बसले तरी पाय हलत राहायचे. कोणाला तरी धरून जाब विचारायचा होता. मालकानं म्हणे बोर्ड बदलून दुसरीकडे तेच पत्रे काढायला घेतले होते. चोर तो चोर, वर शिरजोर!

मायला उपचारासाठी मी माझ्या सासरी, अमरावतीला आणलं होतं. वकील मात्र अकोल्यातच शोधावा लागला. ते दिवस कपाशीचे वाईट होते, शेतकरी फवारणीचं औषध पिऊन मरत होते. कोर्टाच्या आवारात हातात कागद घेतलेली बाई दिसली की लोकांचा एकच प्रश्न. चहावाल्यानंही विचारलं, "ताई, घरच्यानं काय घेतलं? एंड्रिन?"

"कोणी काही घेतलं नाही!" मी ओरडलेच. "श्वास घेतला फक्त."

बिचाऱ्यानं गुपचूप चहा पुढं सरकवला.

वकील वयस्कर होते, सगळं ऐकून घेणारे. "कामगाराचा दावा लावता येतो," ते म्हणाले. "पण ह्या कामगार नाहीत. नवऱ्याचे कपडे धुतले म्हणाल, तर समोरचा म्हणेल, सगळ्याच बाया धुतात. कारखान्यातली एखादी वस्तू घरात आली होती का? दाखवता येईल अशी?"

माय मागच्या बाकावर धापा टाकत बसली होती. तिथूनच म्हणाली, "वाती हायेत नं."

तेव्हा मला सगळं आठवलं. बाबा कारखान्यातून रिकामी पोती आणायचे. आतल्या शिवणींना पांढरेशुभ्र पुंजके चिकटलेले असत. कामगार त्याला दगडाचा कापूस म्हणायचे. आता कापसाच्या मुलखातली बाई, तिच्यानं पुंजका फेकवणार कसा? सरकी नाही, काडीकचरा नाही. चातुर्मासात ओट्यावर बसून माय तो बोटांनी पिंजायची आणि देवासाठी वाती वळायची. मी तिला चिकटून बसून वळायचे. माझी वात जाडजूड व्हायची. "अवं माय वं, वात हाय का अजगर?" म्हणून ती हसायची, आणि माझ्या केसांवरची पांढरी भुकटी फुंकून काढायची.

नवल म्हणजे ती वात जळायचीच नाही. तेल संपायचं, वात तशीच. देवाची करणी म्हणून गल्लीभर बोभाटा झाला. माय घरोघरी वाती देऊन आली. समोरच्या खालाला ईदला दिल्या, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत खालाच्या रॉकेलच्या चिमणीत तीच वात असायची.

पुढच्या खेपेला माहेरच्या देव्हाऱ्यातली वात घेऊन गेलो. वकिलांनी ती तेलात भिजवून टेबलावरच पेटवली. तेल जळालं, काजळी पुसली, खाली वात पांढरी. ते खुर्चीतून उठलेच. "ही तपासायला पाठवू. आता साक्षीदार हवेत. कोणाकोणाला दिल्या, सांगा बरं."

माय पदर सावरून उठली आणि दाराकडे निघाली. खोदून विचारलं, तरी एक नाव दिलं नाही.

परतीच्या एसटीत मी भडकले. "काहून सांगत नाहीस? माझा जीव चाललाय धावता धावता, कोणासाठी?"

मूर्तिजापूर मागं पडल्यावर ती बोलली. "ज्याइच्या घरी मी दिवा लावला, त्याइले आता काय सांगू? जहर देलं म्हणून?"

माझा राग मात्र गेला नाही.

मग एका खेपेला, अकोल्यात उतरल्याबरोबर, ती वकिलाकडे न जाता आधी आपल्या गल्लीत शिरली आणि खालाच्या दारात उभी राहिली. "मी देलेल्या वाती वापस दे."

"अवं बाई, ईदले देलेली चीज कोनी वापस मांगते काय?" खाला हसली.

मायनं दम खात खात सगळं सांगितलं. खालानं फळीवरची चिमणी उतरवून मांडीवर घेतली. मग वात ओढून काढून तिनं मायच्या हातावर ठेवली. "तुले मालूम असतं तं देली असती काय? चल, कुठं बोलाचं हाय, मी बोलते."

आख्ख्या आजारपणात माय तेव्हा पहिल्यांदा रडली.

तशाच तिघी वकिलांकडे गेलो. त्यांनी लिहायला घेतलं. "वाती हाताळलेल्यांत पहिलं नाव कोणाचं लिहू?"

मी खालाकडे पाहिलं. मायनं माझा हात धरला आणि टेबलावर पालथा नाही, उताणा ठेवला, बोटं सरळ करून.

"हिचं लिहा, सायब. एवढीशी होती, माह्यासंगं वळे. माह्यं मागून लिहा. मी तं चालली."

मी हात ओढून घ्यायला लागले. तिनं सोडला नाही.