ताई बिगर

मी मुळात तापट. पोरांनाही ते ठाऊक आहे. "बाई आज गरम हायेत रं," असं एकमेकांच्या कानाला लागूनच ती वर्गात शिरतात. शाळा इगतपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात, पहिली ते सातवीची. मी शहरात, गंगापूर रोडवर राहते. रोज तिथून जायचं आणि यायचं, म्हणजे शाळेत पोचेपर्यंत निम्मा राग रस्त्यावरच्या खड्ड्यांवर खर्च झालेला असतो. उरलेला इंग्रजीच्या तासाला लागतो.

त्या वर्षी परीक्षेच्या आधी सातवीला तुलना शिकवत होते. आपल्या मराठीत विशेषणाला कसला म्हणून त्रास नाही. उंच तो उंच. 'माझ्यापरीस उंच' म्हटलं की झालं काम. पुस्तकातला 'पेक्षा' आमच्या पोरांना वाचण्यापुरता येतो, बोलताना 'परीस'च. इंग्रजीत मात्र विशेषणालाच शेपूट फुटतं आणि वर 'दॅन' आधी, नाव नंतर. पोरं सरळ मराठीच्या वाटेने जायची. "एलिफंट अँट दॅन बिग!" मी कपाळावर हात मारायची. एकाने 'गुड, गुडर, गुडेस्ट' ऐकवलं. मी ओरडले, "गुडर कुठनं आणलंस रे?" तर म्हणतो, "टॉलचं टॉलर होतं ना बाई? मग गुडनं काय पाप केलंय?" रागाच्या जागी हसू आलं, आणि बाई हसल्या म्हणून वर्ग दुप्पट हसला.

त्या वर्गात दोघी बहिणी होत्या. थोरलीचं एक वर्ष धाकट्या भावाला सांभाळण्यात गेलं होतं, म्हणून दोघी एकाच वर्गात. धाकटी चुणचुणीत, हात कायम वर. थोरली सावकाश, पण तिला एकदा कळलं की पक्कं. वर्गातली सगळी पोरं थोरलीला ताईच म्हणायची. मलाही तीच सवय लागली होती.

एक दिवस शाळा सुटल्यावर त्यांचा बाप फाटकाशी उभा. टोपी हातात.

"बाई, तुम्ही रोज हेच शिकवताय ना, कोण कोणापरीस मोठं, कोण कोणापरीस चांगलं? पोरी घरी घोकत्यात. मग मला एवढं सांगा, माझ्या दोघींत हुशार कोण?"

"कशाला?"

"आठवीला हायस्कुलात एकीलाच धाडतो. इथनं पोरी मधूनच घरी पळत येऊन बघत्यात; तिकडं जीपनं जायचं, सांजंला यायचं. आम्ही दोघं पहाटंच द्राक्षाच्या बागंत कामाला जातो. घरी बकऱ्या हायेत, बारकं पोर हाय. कुणीतरी पाहिजेच ना घरी? हुशार हाय ती जाईल, दुसरी राहील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मी काय इथे तराजू घेऊन बसलेय?"

"चिडू नका, बाई. मला दोघी सारख्याच. म्हणून तर तुम्हाला विचारतोय. तुम्ही म्हणाल तसं. उद्या येतो."

'तुम्ही म्हणाल तसं'! दरडावून बोलला असता तर मी भांडले तरी असते. खरं सांगायचं तर मार्क धाकटीला जास्त पडायचे. खोटं बोलायलाही माझी हरकत नव्हती, पण ते कुणाच्या बाजूने बोलायचं? जिचं नाव घेणार नाही, ती बकऱ्यांमागे.

आणि मला हे सगळं माहीत होतं हो. आमच्याही घरी एकीलाच शिकवायचं ठरलं होतं. तेव्हा मास्तरांना विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. माझी ताई मोठी, म्हणून सातवीनंतर ती घरी राहिली. मी धाकटी, म्हणून शाळेत गेले. माझी वेणी ती घालायची, डबा ती भरायची, माझ्या पाठांतराला समोर पुस्तक धरून ती बसायची. आज माझ्या हातात खडू आहे तो तिच्या जिवावर. हे मी कुणालाही सांगते, यात लपवण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले ती घुश्शातच. थोरलीला उभी केली. "गुड?" म्हटलं. ती खाली बघत म्हणाली, "गुड, गुडर, गुडेस्ट." आदल्या दिवशी हेच तिने धडाधड बरोबर म्हटलं होतं. मग 'टॉल' विचारलं, तेही चुकली. चुकली की हळूच धाकटीकडे बघायची. माझ्या लक्षात आलं. घरचं बोलणं पोरीच्या कानावर गेलं होतं, आणि तिने आपला निकाल आपणच लावून टाकला होता.

काहीतरी करायचं म्हणून मी दोघींना फळ्यापुढे उभं केलं. खांद्याला खांदा लावून. एकीवर हात ठेवायचा, वर्गाने ओरडायचं. धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, "स्मॉलर!" थोरलीवर ठेवला आणि म्हटलं, "ताई?"

"बिगर!" अख्खा वर्ग ओरडला.

"जोरात! ताई?"

"बिगर!"

"बाई, ओ बाई!" दारातून आवाज आला. त्यांचा बाप उभा होता. चेहरा पार उतरलेला. "म्हंजी ठरवलंत तुम्ही? ताईबिगर?"

मला आधी कळेचना तो काय म्हणतोय. पोरांना माझ्याआधी कळलं. "ओ काका, बिगर म्हंजी मोठी! इंग्लिशमधी!" आणि हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. मीठ नसलं की मिठाबिगर, चप्पल नसली की चपलाबिगर. माणसाने आयुष्यभर ऐकलेला शब्द तो, त्याच्या कानाला दुसरं काय ऐकू येणार?

तो मात्र हसला नाही. दाराच्या पायरीवर मटकन बसला. मी बाहेर गेले.

"कालपासनं मनात हेच घोळवतोय, बाई. मनात म्हणताना काय नाय वाटलं. पण समद्या पोरांच्या तोंडून ऐकलं ना, ताईबिगर, ताईबिगर... नाय सोसलं हो." टोपीने त्याने तोंड पुसलं. "नका सांगू मला हुशार कोण ते. बकऱ्या मी भावाच्या गोठ्यात बांधतो. पण बारक्याचं काय करू?"

"बारक्याचं मी बघते," मी म्हटलं. "अंगणवाडीत बसेल तो. कसा घेत नाहीत ते बघतेच." तापटपणाचे असे दोन-चार उपयोग असतात.

"मग दोघी जातील," तो म्हणाला. उठला, टोपी घातली आणि कामाला उशीर झाला म्हणून निघूनही गेला.

आत आले तर थोरली अजून फळ्यापाशीच. दारातलं सगळं तिने ऐकलं होतं. "बाई, मला येतंय," म्हणाली. "गुड, बेटर, बेस्ट." आणि मग टॉल, स्मॉल, फास्ट, कुणी न विचारता म्हणतच सुटली. धाकटी तिच्या फ्रॉकला धरून उभी होती.

त्या बापाचे मी किती आभार मानावेत? काही माणसांना आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तरी काही होत नाही. त्याला झालं. शब्द चुकीचा ऐकला म्हणून झालं, पण झालं ना! जूनपासून दोघी एकाच जीपमध्ये कोंबून बसायला लागल्या.

बाप येऊन गेला त्याच संध्याकाळी घरी आल्या आल्या मी माझ्या ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. बिगरवर ती खो खो हसली. मग थांबून म्हणाली, "थोरली कितवीत जाणार म्हणालीस?"

"आठवीत."

"अगं बाई! मग माझ्या पुढे गेली की गं पोरगी!"

इतक्या आनंदाने म्हणाली, की मला हुंदकाच फुटला. ओट्याला टेकून मी रडायला लागले. ताईला ऐकू गेलं.

"वेडी का तू? रडतेस काय?" ती म्हणाली. "तू माझ्या पुढे गेलीस, तेव्हा मी रडले होते का?"