घरगाडीवरची अक्षरं

...आणि हेही ऐकून ठेव, की गाडी त्याने भंगारातूनच उचलली होती. कोणी म्हणजे काय? अरे, तुझ्या मामाआजोबांनी! माझा धाकटा भाऊ. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, म्हणून सगळे त्याला पेंटरच म्हणतात. काम सोडलं तशी त्याला हुक्की आली, बायकोला घेऊन गावोगाव फिरायचं, गाडीतच राहायचं. एका इस्पितळाची मोडकी गाडी घेतली, आत पलंग ठोकला, शेगडी ठेवली, झाली घरगाडी! बाहेरून मात्र जुनी पुसट अक्षरं तशीच. 'फिरता नेत्र दवाखाना'.

"आधी ते खरवडा," त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, म्हणाली.

"बघू गं."

पहिला मुक्काम पेट्रोल पंपाच्या कडेला. रखवालदार काठी आपटत आला, इथे थांबायचं नाही म्हणणार, तेवढ्यात त्याने अक्षरं वाचली. सलाम ठोकला, वर पाण्याचा नळ दाखवला! पेंटरची कळी खुलली. एरवी रात्रीपुरत्या जागेसाठी कोणाकोणाच्या नाकदुऱ्या काढायच्या? सकाळी त्याने रंगाचा डबा उघडला आणि खरवडायचं सोडून अक्षरांत रंग भरला. ठसठशीत, काळी किनार लावून. हात अजून तोच रे त्याचा!

"लाज नाही वाटत?" वहिनीने विचारलं.

"खोटं कुठे बोललो? कोणी विचारलं तर सांगू."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर झोपू मस्त!"

मग काय, बाजारामागे थांबले, गोदामापाशी थांबले. कोणी हटकलं नाही. एका संध्याकाळी शाळेच्या मैदानाच्या कडेला गाडी लावली. सकाळी हा दात घासत दार उघडतो, तर बाहेर ही माणसांची रांग! म्हातारे, म्हाताऱ्या, कोणी लेकीचा हात धरून, कोणी भिंतीला टेकून. सगळ्यांत पुढे एक आजीबाई.

"काल जाता जाता ओळखली बघा गाडी, डॉक्टर," ती म्हणाली. "मला काही दिसत नाही हो हल्ली, नातवंडं आवाजावरून ओळखते. पण अक्षरं एवढी मोठी काढलीत तुम्ही, मलासुद्धा वाचता आली! मग घरोघर जाऊन सांगितलं मी. तुम्हीच तपासणार ना?"

पेंटरच्या तोंडात फेस तसाच. 'डॉक्टर मागून येतायत' एवढं म्हणायचं आणि गाडी हाकायची, हे अगदी ओठांवर आलं होतं त्याच्या. आतून वहिनी हळूच म्हणाली, "विचारतायत बरं का. सांगा आता."

त्याने फेस थुंकला. "मी डॉक्टर नाही. पाट्या रंगवतो."

"डॉक्टर भारी गमत्ये आहेत!" मागून एक म्हातारा म्हणाला आणि रांग खो खो हसली. म्हणजे त्याला तेच पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. मग मात्र कोणी हसलं नाही.

कामावर खाडा करून बापाला घेऊन आलेली एक बाई पुढे झाली. "मग हे कशाला लिहिलंत?"

"रात्री कोणी उठवू नये म्हणून."

ऐकायला कसं वाटलं असेल, बघ तूच! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

"बसा, शहरातल्या इस्पितळात नेतो सगळ्यांना," तो घाईघाईने म्हणाला.

आजीबाईंनी चाचपून काठी धरली. "आता तुमच्या गाडीत कोण बसणार, बाबा?" रागावली नाही ती. "मला परत घरोघर जायला हवं. अजून लोक निघत असतील."

आणि गेली, भिंतीला हात लावत. ती जाईपर्यंत ह्याला मान वर करवली नाही. मग पत्र्याचा तुकडा घेऊन तिथेच, सगळ्यांच्या देखत, एकेक अक्षर खरवडलं. हनुवटीवर फेस वाळलेला, तोही पुसायचं भान नाही. तिथूनच गाडी घराकडे वळवली.

घरी येऊन त्याने, गाडी मूळ ज्या इस्पितळाची होती, तिथे खेटे घातले, कोणाकोणाचे पाय धरले. येत्या सोमवारी त्यांची खरी गाडी त्या मैदानावर जाणार आहे. पण तिथे कळवायला जायचं म्हटलं, तर ह्याचं पाऊलच उचलत नाही. तू परवा मित्रांबरोबर त्याच रस्त्याने चाललायस ना? मग उतर तिथे. मैदानाजवळ कोणालाही विचार, घरोघर सांगत फिरलेल्या त्या आजीबाईंचं घर दाखवतील. सांग तिला, सोमवारी डॉक्टर येतायत, खरे. विश्वास ठेवायची नाही ती. मग बस जरा तिच्यापाशी आणि पुन्हा सांग. कोणी पाठवलं म्हणून विचारलं, तर पेंटरने पाठवलं म्हण. दुसरं काही म्हणू नकोस.