पांढऱ्या पायाची परिकल्पना

माझा मेव्हणा बालाजी हदगावहून आमच्या लातूरच्या घरी आला, की लाईट जाते. हे मत माझ्या आईचं. (मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक आहे. मला मत नसतं, फक्त परिकल्पना असते!)

यंदाच्या उन्हाळ्यात बालाजीने उंबरठ्यात पाय ठेवला आणि पंखा थांबला. आई आतूनच म्हणाली, "बालाजी आला वाटतं! लई पांढऱ्या पायाचा हाय बया!"

बालाजीचा चेहरा पडला. माझी बायको सुनंदा मात्र भडकली. "अहो, माझ्या भावाच्या पायावरचा हा डाग पुसा. न्हाई तर मीबी त्याच्यासंगं हदगावला चालले, कायमची!"

आता संसाराचाच प्रश्न आला. मी घसा साफ केला. "आपण शास्त्रीय चाचणी घेऊ. आधी धरून चालायचं की बालाजीचा आणि लाईटचा काही संबंध नाही. ही शून्य परिकल्पना."

"माझा भाऊ शून्य?"

"भाऊ नव्हे गं, परिकल्पना! निव्वळ योगायोगाने घडणं फारच अवघड, असं काही दिसलं तरच ती नाकारायची."

बालाजी कधी घरात असावा आणि कधी बाहेर, हे नाण्यावर सोडलं. छापा पडला तर आत, काटा पडला तर गल्लीत! बिचारा आठवडाभर पिशवी घेऊन लिंबाखाली बसे. शेजारीपाजारी चहा आणून देत.

"पाव्हणे, बाहेर का?"

"दाजी माझी परीक्षा घेऊन राहिले."

(तेव्हापासून गल्लीत माझ्याशी कुणी नीट बोलत नाही.)

आठवड्याने मी निकाल वाचला. लाईट बालाजी आत असतानाही गेली होती, बाहेर असतानाही. फरक असा दिसलाच नाही.

"म्हंजे मी निर्दोष?" बालाजी हरखला.

"तसं म्हणता येत नाही. दोष सिद्ध झाला नाही, इतकंच."

"मंग दोषी?"

"छे!"

"मंग मी हाय तरी काय?"

"शून्य परिकल्पना नाकारता आली नाही!"

सुनंदाने माळ्यावरून बॅग काढली. 'निर्दोष' एवढा एक शब्द उच्चारला असता तर सुटलो असतो. पण शास्त्र म्हणजे शास्त्र! मी ताठ उभा राहिलो. आणि तिथेच बालाजीने तोंड उघडलं.

"दाजी, एक इचारू का? मी आत असो का बाहेर, लाईट गेली तवा घरात दरवेळी तुम्हीच होते की!"

आईने माझ्या पायांकडे टक लावून पाहिलं. "अगं बया! हा तर आपलाच निघाला!"

"वा! हेही तपासता येईल," मी उत्साहाने म्हणालो. "फक्त त्यासाठी मला घराबाहेर..."

वाक्य पुरं होईपर्यंत सुनंदाने बॅगेत माझे कपडे कोंबले होते.

सध्या मी हदगावला सासुरवाडीत आहे. बालाजी तिकडे माझ्या खाटेवर, माझ्या पंख्याखाली लोळून राहिलाय. सुनंदाचा फोन आला, "अहो, तुम्ही गेल्यापासून लाईट एकदाबी गेली न्हाई!"

"अगं, नमुना लहान आहे!" मी ओरडलो. "एवढ्यावरून काही सिद्ध होत..."

इतक्यात इथला पंखा थांबला. अंधारातून सासूबाईंचा अतिशय आदराचा आवाज आला, "जावईबापू, लातूरची गाडी किती वाजता हाय?"